ठाण्यासमोरची दुभाषी

लामदुआनचं शिवणकामाचं दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर होतं. शिपायांच्या गणवेशाला फिती लावायच्या, नावाच्या पट्ट्या शिवायच्या, पोट सुटलेल्यांच्या पँटी कमरेत सैल करून द्यायच्या, हे तिचं रोजचं काम. इंग्रजी मात्र तिला आईच्या धुण्यातून मिळाली. तिच्या लहानपणी उदोन शहरात अमेरिकन सैनिकांचा तळ होता. आई त्यांचे कपडे धुवायची आणि इस्त्रीचे गठ्ठे पोचवायला जाणारी लामदुआन येताना दोन-चार शब्द घेऊन यायची. पुढे तळ उठला. लग्न झालं, नवरा तैवानला कामाला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. तिने त्याचं नाव टाकलं, इंग्रजी ठेवली.

मग इतक्या वर्षांनी फरांग, म्हणजे गोरे परदेशी, पुन्हा आले. या खेपेला तरुण सैनिक नव्हेत, पेन्शनीत निघालेले गोरे म्हातारे. कुणी इथल्या बाईशी लग्न केलेलं, कुणी भातखाचरांच्या कडेला घर बांधलेलं. त्यांच्यापैकी कुणी ठाण्याची पायरी चढला की ओसरीवरून हाक यायची, "ताई, या जरा." लामदुआन हातातली सुई पोलक्याच्या खांद्याला टोचायची आणि रस्ता ओलांडायची. त्याचा मोबदला म्हणून कधी केळ्यांची फणी मिळे, कधी तीही नाही.

दुभाषी म्हणून तिची एक रीत होती. इकडचं बोलणं तिकडे नेताना ती वाटेत निवडून घ्यायची, तांदळातले खडे निवडावेत तसं. एकदा बिनाहेल्मेटचा पकडलेला एक फरांग टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "या लांडग्याला सांग, गोरं कातडं दिसलं की याची लाळ गळते."

लामदुआन हवालदार प्रयूनला म्हणाली, "त्यांना ऊन फार लागलंय म्हणतात."

"एवढं लांब बोलला आणि एवढंच?"

"त्यांची भाषा पसरट आहे."

प्रयूनने मिशीवरून बोट फिरवलं. "मग त्याला सांगा, नारळ फुटला तर आतलं खोबरं आम्हाला झाडून न्यावं लागतं. त्यातसुद्धा याच्या नारळात काही निघेल असं वाटत नाही."

लामदुआन फरांगाकडे वळली. "हवालदार म्हणतात, तुमच्या डोक्याची त्यांना काळजी वाटते."

असं करत तिने बरीच भांडणं जागच्या जागी निजवली होती. पोलीस देवमाणसं नाहीत हे तिला ठाऊक होतं. मागे एका फौजदाराने तिच्याकडून शर्टाचे खिसे चांगले खोल करून घेतले होते, आणि तिने तोंडातून अवाक्षर न काढता ते करून दिले होते. पण प्रयूनचे खिसे साधे होते, आणि तो माणूसही.

या फरांगांत एक होता नॉर्वेचा. नाव एइविंद, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून गावाने त्याचं विन करून टाकलं. उंच, वाकलेला, बोटींच्या इंजिनांत आयुष्य घालवलेला, अठ्ठ्याहत्तरीचा. त्याची बायको थोंगसाय बाजारात पपईची तिखट कोशिंबीर कांडायला बसायची. ती वारली त्यानंतर तिची मावसबहीण बुआफान रोज येऊन त्याचं जेवणखाण आणि झाडलोट बघू लागली. त्याला ती भाऊजी म्हणायची, पण बोलायची मात्र शेजारच्या बैलाला हाकारल्यासारखी.

सकाळी विन पेट्रोलपंपाजवळच्या कॉफीच्या टपरीवर जाऊन बसे. तिथे फरांगांचा अड्डा होता आणि त्याचा म्होरक्या होता डेरिक. इंग्लंडात बसगाड्यांचा तपासनीस होता, आता तपासायला गाड्या नव्हत्या म्हणून तो देश तपासत बसे.

"इथे धडक कुणीही मारो, भरपाई गोऱ्याने द्यायची," डेरिक सांगायचा. "चोरी झाली तर पोलिसाकडे जाऊ नका. चोर आणि पोलीस एकाच पातेल्यात जेवतात."

"आणि आपण?" एखादा म्हणे. "जत्रेत उघड्या अंगाने ढोल लाथाडला तो आपलाच होता ना?"

"तो वेगळा. तो प्यायलेला होता."

थोंगसाय होती तोवर विन हे ऐकून नुसता हसायचा. घरी जाऊन तिला सांगायचा, मग दोघं मिळून हसायची. ती गेल्यावर तो मान हलवायला लागला.

एका सकाळी डेरिक विनच्या दंडाला धरून ठाण्यात घेऊन आला. विनचं घड्याळ चोरीला गेलं होतं. त्याच्या वडिलांचं, चावीचं, जुनं. लामदुआनला हाक गेली. विन खुर्चीत बसला होता आणि मोकळ्या मनगटावर दुसरा हात दाबून धरत होता.

"घरात येते जाते कोण?" डेरिकनेच सवाल केला आणि डेरिकनेच उत्तर दिलं, "ती बाई. तिला बोलवा. बोलवणार नसाल तर मी आमच्या इंटरनेटवरच्या गटात या ठाण्याचं नाव घालून लिहितो, मग बघा."

लामदुआनने त्यातलं निम्मं गाळून सांगितलं, तरी बुआफानला बोलवावं लागलं. ती ओल्या हातांनीच आली. तिच्यावर काय आळ आहे हे कळलं तेव्हा ती आधी विनकडे बघत राहिली. तो तिच्या नजरेला नजर देईना. मग ती लामदुआनकडे वळली.

"ताई, तू दोन्हीकडचं गोड करून सांगतेस, गावाला माहिती आहे. आज करू नकोस. मी बोलते तसंच सांग."

इतक्या वर्षांत लामदुआनकडे असं कुणी मागितलं नव्हतं.

बुआफान म्हणाली, "माझी बहीण शेवटी महिनाभर अंथरुणात होती. तिचं सगळं मी केलं आणि या माणसाने केलं. रात्री हा रडायचा तेव्हा मी याला भात भरवलाय. माझ्या डोळ्यांदेखत हे घड्याळ रोज उशाशी असायचं. न्यायचं असतं तर तेव्हा नेलं असतं, तेव्हा याला दिवस आहे की रात्र हेसुद्धा कळत नव्हतं. आणि हा दुसरा, कॉफीवाला, याने माझ्या बहिणीच्या मयताला येऊन फुकट जेवून घेतलं आणि माझं नावसुद्धा विचारलं नाही. हा मला चोर म्हणतो. याला म्हणावं, तुझी आई असती तर तिने तुझ्या थोबाडीत मारली असती."

लामदुआनने एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत मांडलं. थोबाडीत मारण्यासकट. तिने एकही खडा काढला नाही. डेरिकचे कान लाल झाले. विन हळूच म्हणाला, "तिने मला भात भरवला, हे खरं आहे." एवढं बोलून तो पुन्हा मनगट चाचपू लागला.

बुआफान निघून गेली. त्या दिवशी दुकानात परत आल्यावर लामदुआनची नजर कोपऱ्यातल्या एका पँटीवर पडली. विनचीच. आखूड करायला म्हणून दिलेली. ती तिने केली होती, त्याने नेली होती, आणि पुन्हा आणून दिली होती, "जरा आखूड करून दे" म्हणत. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा झाला. आता तिने पँट मांडीवर घेऊन आपणच घातलेली शिवण पुन्हा बघितली. मग उठून रस्ता ओलांडला.

"हवालदार, घड्याळ कुणी नेलं ते विचारू नका," ती प्रयूनला म्हणाली. "त्यांनी कुठे ठेवलं ते शोधू या."

प्रयूनला अर्थ कळायला वेळ लागला नाही. त्याची सासू अशीच सगळं विसरत विसरत गेली होती.

दोघं विनच्या घरी गेली. डेरिकही आला, पोलीस काय गडबड करतात ते बघायला. प्रयूनने बूट दाराबाहेर काढले आणि अगदी पाहुण्यासारखा विनला विचारत विचारत एकेक जागा बघू लागला. घड्याळ फ्रिजमध्ये निघालं, अंड्यांच्या खणात, दोन अंड्यांच्या मधोमध. त्याच्या शेजारी घराची जुनी किल्ली आणि थोंगसायची कंगवी.

विनने घड्याळ हातात घेतलं. ते गार होतं. "चोराने इथे लपवलं," तो म्हणाला. मग कंगवीकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "चोर आला नव्हता," तो म्हणाला. "हो ना?"

प्रयूनने खुर्ची ओढून विनला बसवलं. डेरिक खिडकीशी जाऊन भातखाचरं बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी विन फुलांची माळ घेऊन बुआफानच्या दारात गेला. सोबत लामदुआन. त्याने गुडघे टेकायचा प्रयत्न केला, तेव्हा बुआफान ओरडली, "उठा भाऊजी, खाली बसलात तर उठवायला क्रेन आणावी लागेल." पण माळ तिने घेतली, देवापुढे नाही, स्वतःच्या मनगटाला बांधली.

इथेच गोष्ट संपायची, पण विन माफी मागितल्याचंही विसरला. पुढच्या महिन्यात चष्मा गेला, चोर बुआफान. मग विळी गेली, चोर तीच. प्रत्येक वेळी सापडल्यावर तो माळ घेऊन जाई. आठवडाभर ती रागाने फिरकली नाही, असंही एकदा झालं. परत आली तेव्हा लामदुआनने विचारलं, "कशी आलीस गं?"

"नवऱ्याने जन्मात एकदा माफी मागितली नाही. हा दर महिन्याला मागतो. एवढं सुख सोडून कुठे जाऊ?" असं म्हणून ती कांदे चिरायला बसली, आणि डोळे पुसायला तिला कारण मिळालं.

विनला आता ठाण्यात जायची सवयच जडली. सकाळी कॉफीऐवजी तो तक्रार द्यायला यायचा. प्रयून त्याला पंख्याखालची खुर्ची द्यायचा, सगळं ऐकून घ्यायचा, आणि जाताना कुणीतरी शिपाई त्याला गाडीवर घरी सोडायचा. विन मागे बसून त्याच शिपायाला सांगायचा की इथले पोलीस काही करत नाहीत. शिपायाला इंग्रजी येत नव्हती, तो "येस, येस" म्हणायचा.

डेरिकने ठाण्याबद्दल लिहायचं म्हटलं होतं, ते लिहिलं नाही. एकदा लामदुआनच्या दुकानात शर्टाचं बटण लावून घ्यायला आला आणि म्हणाला, "हे एक ठाणं बरं आहे. बाकीच्यांबद्दल माझं मत तेच आहे."

"असू दे," लामदुआन म्हणाली.

"त्या बाईचं नाव काय म्हणालीस?"

"बुआफान."

त्याने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. जमलं नाही, पण पुढच्या रविवारी तो तिच्याकडे टरबूज घेऊन गेला. तेव्हापासून जातच राहिला. बुआफान त्याला अंगणात बसवते, घरात नाही.

पुढल्या थंडीत विनची इंग्रजी जायला लागली. आधी शब्द अडायचे, मग वाक्यंच्या वाक्यं त्याच्या मायबोलीत येऊ लागली. ठाण्यातून लामदुआनला हाक आली, ती गेली, आणि तिला काहीही कळलं नाही. विन तिच्याकडे बघून आर्जवाने बोलत होता. त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा, मूर, मूर.

"आपल्यात मू म्हणजे डुकराचं मांस," तरुण शिपाई म्हणाला. "भूक लागलीय त्यांना." तो धावत जाऊन कोपऱ्यावरून भाजलेल्या मांसाच्या काड्या आणि चिकट भाताची पुडी घेऊन आला. विनने सगळं खाल्लं. बोटं चाटली. मग रोजच तसं सुरू झालं. तो मूर म्हणाला की काड्या यायच्या.

विनच्या नॉर्वेतल्या भाचीला फोन लागला तेव्हा लामदुआनने तिला विचारलं, "मूर म्हणजे काय?"

भाची म्हणाली, "आई."

लामदुआनने फोन ठेवला आणि प्रयूनला सांगितलं. तरुण शिपाई ऐकत होता. हातातली पुडी कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. "मग उद्यापासून आणू नको का?"

"आण," प्रयून म्हणाला. "जेवतात ना ते."

ओसरीवर ऊन आलं होतं. विन खुर्चीत पुढे सरकून रस्त्याकडे बघत होता, कुणाची तरी वाट बघावी तसा, आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारत होता. लामदुआन त्याच्याजवळ स्टूल ओढून बसली. तिला उत्तर द्यायचं होतं, आणि इंग्रजीचा आता उपयोग नव्हता. म्हणून ती आपल्या घरच्या लाओ बोलीत बोलली, तिची आई धुणं पिळता पिळता बोलायची तशा सुरात. "येईल हं. भात शिजत असेल. तू खा तोवर."

विनने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, मान डोलावली, आणि एक काडी तिच्या हातात दिली.