बनियनचे तुकडे

हुंगेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कुत्र्यांना वास शोधायचे खेळ शिकवणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. पुढे बाईच फोन उचलून "हुंगेबाई बोलतेय" असं ठणकावून सांगू लागल्या, तेव्हा चिडवण्यातली गंमत संपली आणि नाव तेवढं राहिलं.

त्याआधी पंधरा वर्षं त्या एका लाँड्रीत काउंटरमागे उभ्या होत्या. लोकांचे कॉलर आणि काखा तपासण्यात उमेद गेली असं त्या म्हणत. लाँड्री बंद पडली, घटस्फोट आधीच झालेला, म्हणून त्यांनी लोकांची कुत्री फिरवायचं काम धरलं. कुत्र्यांशी त्यांचं जमायचं, मालकांशी नाही. मालक कानाला फोन लावून पुढे चाललाय, मागे कुत्रं फरफटतंय, त्याने जरा खांबाशी नाक नेलं की दोरीला हिसका. असं कुणी दिसलं की बाईंचं डोकं फिरे. "अहो, तुम्ही फोनवर गावभरच्या चौकशा करताय ना? मग त्याला पण करू द्या की!" असं भर रस्त्यात ऐकवायच्या.

त्यांच्या पिशवीत झाकणांना भोकं पाडलेले सहा पत्र्याचे डबे असत, एक जुना टॉवेल, लवंगेच्या तेलात बुडवलेला कापूस आणि उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. वास द्यायचा, डबा लपवायचा, शोधला की कलेजी. तासभर पळून जे कुत्रं दमत नाही ते पंधरा मिनिटं नाक चालवून दमतं आणि घराचे पडदे फाडायचं सोडून गपचूप झोपतं, हे बाईंनी दोन-चार घरी करून दाखवलं आणि त्यांना बोलावणी येऊ लागली. त्यांचे नियम दोनच. शोधलं की खाऊ द्यायचाच, कुत्र्याला फसवायचं नाही. आणि खेळ दर आठवड्याला थोडा अवघड करायचा, नाहीतर कुत्रं कंटाळतं.

दुसऱ्या नियमाने मीटरकाकांचा घात केला.

मीटरकाका म्हणजे चाळीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपलेला माणूस. त्या चाळीस वर्षांत गावातल्या प्रत्येक कुत्र्याने त्यांच्यावर भुंकून घेतलं होतं आणि तिघांनी चावूनही घेतलं होतं. रिटायर झाल्यावर, बायको गेल्यावर, या माणसाने काय करावं? कुत्रं पाळलं. "आता तरी एक माझ्या बाजूने भुंकेल," म्हणाले. तपकिरी, लोंबत्या कानांचं, कुठल्याच जातीत न बसणारं पिल्लू. हाक मारली की शांतपणे दुसरीकडे बघायचं, म्हणून नाव ठेवलं ठोंब्या.

बाईंनी ठोंब्याला डबे शिकवले, पण काकांना डब्यांत राम वाटेना. "डबा काय शोधायचा? मला शोधू दे," ते म्हणाले. मग काका लपायचे. दाराआड, कपाटात, पलंगामागे. बाई ठोंब्याच्या नाकाशी काकांचा बनियन धरायच्या आणि सोडायच्या. तो घरभर धुमाकूळ घालून काकांना हुडकून काढायचा, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस कपाटातल्या कोटांत बसून खुदुखुदु हसताना सापडायचा. त्या घरात हसण्याचा तेवढाच आवाज होता. मुलगा विम्याच्या ऑफिसात, सून औषधांच्या दुकानात, दोघं संध्याकाळी यायची ती थकून.

"या आठवड्यात जरा अवघड जागा शोधा, काका," बाई एकदा म्हणाल्या. काका अडगळीच्या खोलीत स्टुलावर चढले, माळ्यावर लपायला. स्टूल सरकलं. कंबरेचं हाड मोडलं. ठोंब्याने त्यांना शोधलं ते फरशीवर, आणि सापडल्याच्या आनंदात तो त्यांच्या छातीवर पाय ठेवून शेपटी हलवत राहिला. बाईंनी त्याला ओढून बाजूला काढलं.

दवाखान्यातून काका घरी आले नाहीत. "नीट चालायला लागेपर्यंत" म्हणून त्यांना वृद्धनिवासात ठेवलं. ते चालायला लागले, काठी घेऊन का होईना, पण त्या वाक्याचं पुढे कुणी नाव काढेना. घरी कोण बघणार, हा सुनेचा प्रश्न होता. काकांची खोली तिने एव्हाना झाडूनपुसून रिकामी केली होती.

इकडे ठोंब्याने अन्न सोडलं. दाराशी बसून राहायचा, जिन्यात पाऊल वाजलं की उठायचा, आणि दुसरंच कुणी निघालं की असा रडायचा की खालच्या मजल्यावरून तक्रारी यायला लागल्या. मुलगा दर रविवारी वडिलांना भेटायला जाई. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, म्हणून त्याने ते सगळं सांगून टाकलं.

काका कॉटवर उठून बसले. "बघ! मी सांगत नव्हतो? ने मला घरी. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी ने."

मुलगा वडिलांच्या त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून विरघळला. "महिनाभर बघू, बाबा. महिन्यात तो सावरला नाही, तर तुम्हाला नेतो. शब्द देतो."

दुसऱ्याच दिवशी सुनेने हुंगेबाईंना दुकानात बोलावून घेतलं. आडपडदा ठेवला नाही. "यांनी शब्द देऊन ठेवलाय. कुत्रं असंच रडत राहिलं तर सासरे परत येणार, आणि त्यांचं हागणं-मुतणं मला काढावं लागणार. महिना आहे. त्याला विसरायला लावा."

"वास विसरत नाहीत कुत्री," बाई म्हणाल्या. "माणूस विसरतो."

"मग काहीतरी करा. ते स्टुलावर का चढले होते, हे मी बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या कामाची तीन घरं तिथे आहेत ना?" सुनेने हे औषधाची पुडी बांधता बांधता, अगदी गोड आवाजात सांगितलं.

बाई घाबरल्या, हे खरंच. पण घाबरून केलं म्हणणं म्हणजे त्यांना फार स्वस्तात सोडणं होईल. दुकानाची पायरी उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात उपाय तयार झाला होता, आणि तो सुचल्याचा त्यांना आनंद झाला होता. वास पुसता येत नाही, पण वासाचा अर्थ बदलता येतो. बनियनचा वास म्हणजे काका, असं ठोंब्याला माहीत होतं. आता बनियनचा वास म्हणजे कलेजी. एवढंच शिकवायचं.

त्यासाठी ताजा वास हवा होता. मुलाने निवासात जाऊन वडिलांकडे वापरलेले बनियन मागितले. "ठोंब्याला तुमचा वास लागतो म्हणे, बाई खेळ घेणार आहेत." त्या भोळ्याला वाटलं की कुत्र्याला बरं वाटावं म्हणून. काकांना वाटलं की आपली आठवण जागती ठेवायला. त्यांनी एकेक बनियन तीन-तीन दिवस अंगात ठेवला, अंघोळीला नकार दिला, नर्सच्या शिव्या खाल्ल्या, आणि वास उडू नये म्हणून बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठवला. बाईंनी त्याचे कात्रीने चौकोनी तुकडे केले.

पहिल्या दिवशी तुकडा नाकाशी धरताच ठोंब्या सुटला. अडगळीची खोली, कपाट, पलंग, दार. पुन्हा खोली, पुन्हा कपाट. सोफ्यामागच्या डब्यात त्याच वासाचा तुकडा आणि वर कलेजी होती. तो डबा ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी अडगळीची खोली बंद केली. तिसऱ्या दिवशी काकांची खोली. चौथ्या दिवशी हिंडायला हॉल तेवढा उरला, तेव्हा तो डब्यापाशी आला, आत नाक घातलं, कलेजीला शिवला नाही आणि डब्यावर भुंकत राहिला. एवढ्याशा डब्यात माणूस कसा मावेल, हे त्या ठोंब्यालाही कळत होतं. बाईंनी सुनेला सांगितलं, "खेळ सोडून याला दुसरं काही खायला घालू नका." सातव्या दिवशी त्याने कलेजी खाल्ली. अकराव्या दिवशी तुकडा दाखवला की तो शेपटी हलवत सरळ सोफ्यामागे जाऊन बसायचा आणि कलेजीसाठी बाईंच्या हाताकडे बघायचा. दाराशी बसणं थांबलं. रडणं थांबलं. अंगावर मांसही चढायला लागलं. बाईंनी आपल्या वहीत त्या दिवसापुढे बरोबरची मोठी खूण केली.

महिना भरला त्या रविवारी मुलगा काकांना घेऊन आला. शब्द शब्द असतो, डोळ्यांनी बघा म्हणाला. सुनेने बाईंनाही बोलावलं होतं, जाणकार म्हणून. काका काठी टेकत आत आले. शर्टाची बटणं खाली-वर लागलेली, दाढी वाढलेली. चार दिवस अंघोळ केली नव्हती त्यांनी, मुद्दाम. खुर्चीत बसताना त्यांचा चेहरा लग्नाला निघालेल्या माणसासारखा फुलला होता.

"ठोंब्या," त्यांनी हाक मारली.

ठोंब्या आतून आला. थबकला. काकांच्या बुटांचा वास घेतला, पँटचा घेतला, मग तळहातात नाक खुपसलं. त्याचं अंग शेपटीपासून कानापर्यंत थरथरलं. काकांनी दोन्ही हात पसरले. आणि ठोंब्या गर्रकन वळला, धावत सोफ्यामागे गेला, रिकाम्या जागी ताठ बसला आणि हुंगेबाईंच्या हाताकडे बघू लागला.

मग मुलगा हळूच म्हणाला, "विसरला, बाबा. सावरला तो."

काकांनी पसरलेले हात मांडीवर ठेवले. ते मुलाकडे बघत नव्हते, सुनेकडेही नाही. "बाई, तुम्ही सांगा. तुम्हाला यातलं कळतं. त्याने ओळखलं का मला?"

त्या घरात फक्त एका माणसाला उत्तर माहीत होतं. ठोंब्याने ओळखलं होतं. ओळखलं नसतं तर तो सोफ्यामागे गेलाच नसता. आदल्या आठवड्यात नळ दुरुस्त करायला आलेल्याला हुंगून तो नुसता बाजूला झाला होता. सोफ्यामागे धावण्याइतकी मोठी ओळख त्याने जगात दुसऱ्या कुणाला दाखवली नव्हती. हे एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मुलगा विरघळला असता, शब्द पाळला असता, म्हातारा त्या रात्री आपल्या घरात झोपला असता. बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर धमकी वगैरे काही नव्हतं, थोडं कौतुकच होतं.

"नाही, काका," बाई म्हणाल्या. "ओळख राहिली नाही."

"किती दिवस लागले?"

"अकरा."

काका त्यावर मान हलवत राहिले. "अकरा. मला वाटलं होतं महिना तरी काढेल."

सोफ्यामागे ठोंब्या अजून बसून होता. एवढं अचूक शोधूनही खाऊ मिळत नाही म्हणून त्याने एकदा बारीक आवाज काढला. शोधलं की द्यायचाच, हा बाईंचा नियम. त्यांचा हात सवयीने पिशवीत गेला आणि त्यांनी कलेजीचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला. ठोंब्याने तो गिळला. मग तो परत काकांकडे आला, तळहातात नाक खुपसलं, थरथरला, आणि पुन्हा धावत सोफ्यामागे जाऊन बसला. बाईंनी पुन्हा तुकडा दिला. तो पुन्हा आला, पुन्हा हुंगलं, पुन्हा पळाला.

"काय अधाशी झालाय!" मुलगा हसला. सुनेलाही हसू आलं. घरावरचा ताण सुटला होता.

चौथ्या खेपेला काकांनी हात मागे घेतला आणि मुठी मिटून काखेत धरल्या. ठोंब्या त्यांच्या गुडघ्याशी धडपडत वास शोधू लागला, शोधला, आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत सोफ्याकडे निघाला.

"मला सोडून ये परत," काका मुलाला म्हणाले. "मी इथे बसलो तर तो पळतच राहील. दमेल बिचारा."

"चहा तरी घ्या, बाबा," सून म्हणाली.

"नको." त्यांनी काठी टेकली आणि उठायला जोर लावला. बाई हात द्यायला पुढे झाल्या. काकांनी तो हात धरला, दारापर्यंत धरून ठेवला, आणि उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "तुम्ही होता म्हणून बरं झालं, बाई. नाहीतर उपाशीच मेला असता तो."