बसच्या मागे माझी गाडी

नातीने गाडी घेतल्यापासून ती मैत्रिणींना ऐटीत सांगते, "माझी आजीसुद्धा स्वतः गाडी चालवत ऑफिसला जायची." मी नुसती मान डोलावते. किती दिवस जायची, हे तिने विचारलेलं नाही आणि मी कशाला सांगू?

मी इंदिरानगरहून सिन्नरला अप-डाऊन करायचे. तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. मी चढायचे त्या द्वारकेच्या चौकात बस यायची ती आधीच भरून. पण आम्हा पाच-सहा बायकांना फिकीर नसे. बस सुटायची त्या स्टँडजवळ राहणाऱ्या ताई बस लागताच खिडकीतून रुमाल, पिशवी, छत्री, हाताला येईल ते आत टाकून सगळ्यांची जागा धरत. ताई आमच्यात थोरल्या. सिन्नरच्या एका शाळेत शिकवायच्या आणि बसमध्येही वर्गच घ्यायच्या. कोणी कुठे बसायचं, ते त्यांनी ठरवायचं. माझी जागा मागच्या चाकावरची, खिडकीची. गुडघे हनुवटीला लागायचे, पण खिडकी ती खिडकी.

मग आमच्या ह्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली, मी चालवायला शिकले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. बसमध्ये पेढे वाटले. "आता मला नाही बाई तुमच्यासारखं चेंगरत यायला लागणार," असंही म्हणाले म्हणे. मला आठवत नाही, ताईंना शब्दन् शब्द आठवतो. म्हणाले असणारच. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. ताईंनी पेढा खाल्ला आणि त्याच दिवशी माझी खिडकी दवाखान्यात नव्याने लागलेल्या एका सिस्टरला देऊन टाकली.

पहिल्या दिवशी द्वारकेच्या चौकातच माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं या रस्त्याने गेले खरी, पण रस्ता कधी पाहिलाच नाही. बसमध्ये एक तर मी बोलायचे, नाहीतर डुलक्या काढायचे. तेवढ्यात समोर आमची बस दिसली. देव पावला! मी तिच्या मागे लागले. ती हळू झाली की मी हळू, ती थांबली की मी थांबले. पुढे काढायची छाती कुणाला होती? चेहेडी, पळसे, शिंदे, प्रत्येक थांब्यावर बाईसाहेब हजर. बसच्या मागच्या काचेतून आमच्या बायका हात हलवत होत्या. मी ऐटीत हॉर्न द्यायला गेले आणि वायपर सुरू केला.

पळशाला झेंडूची पाटी घेतलेले एक बाबा मागचं दार उघडून बसलेच.

"अहो बाबा, ही खासगी गाडी आहे!"

"मंग थांब्यावर कामून उभी केली? चाला, लय उशीर झाला. मागं आजून दोन शिटा बसतील, हाक मारू का?"

मोहदरीच्या घाटात गाडी दोनदा बंद पडली. सिन्नरला उतरताना बाबा म्हणाले, "उद्या मी यष्टीनंच येईन, बाई."

हळूहळू हात बसला. बसला मागे टाकून जाऊ लागले. पण गाडीत बोलणार कोणाशी? स्टिअरिंगशी? ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं, ते मला कळलं आमच्या शिपायाकडून. आख्ख्या बसला माहीत, मला नाही! त्या दिवशी मी ठरवलं, परत जायचं. पण पेढे वाटून गेलेलीने परत जायचं कसं?

"गाडी गॅरेजला आहे," असं म्हणत मी द्वारकेला बसमध्ये चढले. माझ्यासाठी रुमाल कोण टाकणार? उभी राहिले.

"काय झालं गाडीला?" ताईंनी विचारलं.

"क्लच."

दुसऱ्या दिवशी बॅटरी गेली. मग रेडिएटर. नावं सकाळच्या चहाबरोबर हे पुरवायचे, गालातल्या गालात हसत. गाडी बिचारी धडधाकट, पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी होती. रोज ताई चेहरा गंभीर करून विचारायच्या, "आज काय गेलं?" आणि कंडक्टरसकट सगळे कान टवकारायचे. सिस्टर बिचारी उठायला बघायची, ताई तिला डोळ्यांनीच खाली बसवायच्या.

एके दिवशी ह्यांच्याकडचेही भाग संपले.

"आज काय?"

"काही नाही, ताई," मी म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे. मलाच तिच्यात करमत नाही."

वाटलं, आता बसभर हशा. पण ताईंनी शेजारणीला कोपर मारून आत सरकवलं आणि दोघींच्या बाकावर तिसरीपुरती बोटभर जागा केली.

"एवढं बोलायला इतके दिवस उभी राहिलीस? बस. तुझ्या माघारी काय काय झालंय, ते ऐकायचंय की नाही?"

मी अर्धी बाकावर, अर्धी हवेत बसले. सिन्नर आलं तेव्हा ताईंचं निम्मंही सांगून झालं नव्हतं.