डाव्या हाताचा घास

"मोडेन पण वाकणार नाही," असं आमचे बाबा छाती काढून सांगायचे आणि पारावरची माणसं माना डोलवायची. मला तेव्हाही चीड यायची. आमच्या घरात मोडायचं ते दर वेळी दुसऱ्याचंच काहीतरी असायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बारा वर्षांची होते. सूर्य डोक्यावर यायच्या आत भाकर शेतात पोचली पाहिजे, हा बाबांचा नियम. त्या दिवशी विहिरीवर गर्दी होती, आईला पाणी भरायला उशीर झाला. आम्ही शेतात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाबांनी बैलगाडीच्या कडेला रोवलेला उभारीचा जाड दांडका उपसला आणि आईवर घातला. पहिला टोला तिनं उजव्या हातावर झेलला. कोपर मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भाकरीची टोपली पडली, बैल बुजले, तरी बाबा मारतच होते.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. वाटेत आईनं दहादा बजावलं, "शिडीवरून पडली म्हणून सांगजो." पण कंपाउंडरनं विचारलं तेव्हा मी खरं सांगून बसले, "बाबानं मारलं." मला वाटलं, सरकारी माणूस आहे, बाबांना धरून नेईल. त्यानं ते वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मारहाणीची केस हाय. पहिले पोलीस पाटलाची चिठ्ठी आणा, मंग डॉक्टर हात लावतीन."

पोरगी खोटं बोलते, मी पडले, असं आई रडून सांगत होती. पण वहीत एकदा लिहिलं ते लिहिलं. आणि आमचा पोलीस पाटील म्हणजे बाबांचा सख्खा चुलता. चिठ्ठी कुठली मिळते!

मग पिंपळगाव राजा या गावच्या हाडवैद्यानं हात सरळ ठेवून बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. चाळीस दिवस सोडायच्या नाहीत म्हणाला. बोटं सुजून काळी पडली, तरी बाबांनी एक दिवस कमी करू दिला नाही. कामट्या सुटल्या तेव्हा कोपर वाकेना. हात तोंडापर्यंत पोचेना. माझ्या खरं बोलण्यानं तिचा हात गेला, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

"डाव्या हातानं जेव ना," मी आईला म्हटलं. ते बाबांनी ऐकलं.

"डावा हात ढुंगण धुवाचा. माह्या घरात त्या हातानं घास उचलाचा नाही!"

म्हणजे स्वतः थापलेली भाकर आईला स्वतःच्या घरात स्वतःच्या हातानं खायची सोय उरली नाही. मी भरवायची. मी शाळेत गेले की ती उपाशी.

एक दिवस शाळेतून आले, तर आई चुलीपुढे बसून, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातानं चोरासारखी भराभरा खात होती. माझ्या मागोमाग बाबा आत आले. त्यांनी ताटली लाथेनं उडवली, उजव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिचा तो डावा हात चुलीच्या जाळाकडे ओढू लागले. मी तापलेला तवा चिमट्यानं उचलला आणि बाबांच्या पंजावर दाबला. दाबून धरला. कातडी तव्याला चिकटली. मला भीती नाही वाटली, आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

त्यांनी मला लाथांनी तुडवलं. पण हाताला चिंध्या बांधाव्याच लागल्या.

दोन दिवस बाबा ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. डाव्या हातानं खाणार कसे? नियम त्यांचाच. मला वाटे, मरू दे उपाशी. तिसऱ्या दिवशी आई त्यांच्यासमोर जाऊन बसली. डाव्या हातानं भाकर मोडली, वरणात बुडवली आणि घास त्यांच्या तोंडापुढे धरला. 

"उघडा तोंड," ती म्हणाली. "उजवा तं तुमीच घेतला."

बाबांनी तोंड उघडलं. पुढचा घास तिनं त्यांच्याच ताटातून, त्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडात घातला. त्याच्या पुढच्या घासाला त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

आईनं त्यांना माफ केलं की काय, मला माहीत नाही. मी मात्र बाबांशी पुन्हा बोलले नाही, अगदी त्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांनी हाक मारली तरी. गावातल्या बायका अजून म्हणतात, पोरगी बापावर गेली.