वीतभर माती

चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "सायखेड्याची. नदीकाठची." आमच्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने आणणाऱ्या मामांची ही सवय.

"मामा, थुंका ते! खत असेल त्यात," मी ओरडायची.

"तुमचं मशीन दुपारी सांगंल, मॅडम. मी आत्ताच सांगितलं."

मुलांनो, तुमच्या तिकडे नाशिकची वाइन मिळते म्हणालात, म्हणून मामांबद्दल लिहिते आहे.

मातीतले क्षार मुळांतून द्राक्षात येतात आणि थोडे वाइनमध्येही उरतात. दोन्ही ताडून पाहिले की वाइन कोणत्या बागेची ते कळतं. एका वायनरीला बाटलीवर गावाचं नाव छापायचं होतं, म्हणून वणीजवळच्या एका बाईंच्या बागेचं काम आमच्याकडे आलं. मामांनी खताच्या तपासणीसाठी काढतात तशी वीतभर खड्ड्यातली माती आणली. वर्षानुवर्षं तशीच आणत होते. मीही काही विचारलं नाही.

क्षार जुळले नाहीत. वाइन या बागेची नाही, असं मी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं आणि सही केली.

बाई प्रयोगशाळेत आल्या. "भाऊ, बाहेरचा एक घड नाय घातला मी."

"माती खोटं बोलत नाय, ताई," मामा म्हणाले.

वायनरीने त्यांची द्राक्षं घेणं बंद केलं. गावात भेसळवाली म्हणून नाव झालं.

मामांना चैन पडेना. एका रविवारी ते एकटेच त्या बागेत गेले आणि कमरेइतकं खणून माती घेऊन आले. वर काळा थर, खाली लालसर मुरूम. काळा थर धरणातला गाळ होता, बाईंच्या सासऱ्यांनी पसरलेला. मुळं होती मुरमात.

"गाळ तर माझ्या वावरात बी टाकलाय, मॅडम," मामा म्हणाले. "मला कसं सुचलं नाय?"

मुरमाचे क्षार वाइनशी तंतोतंत जुळले. मी नवा अहवाल केला. वायनरीने तोवर दुसरी बाग ठरवली होती.

तरी अहवाल घेऊन आम्ही दोघं बाईंकडे गेलो. बाग तोडलेली होती. वेली बांधावर रचून ठेवल्या होत्या. बाईंनी चहा दिला, कागद उलटसुलट करून पाहिला.

"इंग्रजी हाय. काय लिवलंय, भाऊ?"

"तुम्ही खरं बोलत होता."

"ते मला म्हाईत होतं."

मामांचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. मी निरोप धाडले, त्यांच्या घरी जाऊन आले. ते बाहेरच आले नाहीत. मी मात्र निवृत्त होईपर्यंत सह्या करत राहिले.