हवा कुठून शिरते

माझे वडील निजामपुऱ्यातल्या आमच्या गॅरेजचे मालक, आणि स्वतःच्या मते ठाणे जिल्ह्यातले एकमेव मेकॅनिक. बाकीचे नुसते नटबोल्ट पिळणारे. इंजिनात भलत्या जागेतून हवा शिरत असेल तर ते रबरी नळीचं एक टोक कानाला लावत, दुसरं इंजिनावरून फिरवत, आणि हवेचा आवाज लागला की तिथे खडूने फुली मारत. स्कॅनर लावणाऱ्यांना ते मनसोक्त नावं ठेवत.

आणि त्यांचे कान गेले होते. तरुणपणी वीस वर्षं कापड विणायच्या लूमवर, त्या खडखडाटात काढलेली, जाणारच. पण इथे ते लपवणं सोपं. भिंतीपलीकडे लूम चालू, त्यामुळे अख्खी गल्ली एकमेकांशी ओरडूनच बोलते. मी त्यांच्या हाताखाली काम करणारी मुलगी, मला कळलं होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. कान गेले म्हणजे त्यांच्या लेखी मेकॅनिकच संपला.

एकदा अंजूरचे एक गोडाऊनवाले गाडी घेऊन आले. उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग आपोआप चढायचा, उतरायचा. नेमकी लाईट गेलेली, लूम बंद. बाबांनी नळी फिरवली, ऋषीसारखे डोळे मिटले आणि जाहीर केलं की हवा कुठेच शिरत नाही, इंजिन खोलावं लागेल.

"खोला मग. तुमचा शब्द हाय," गोडाऊनवाले म्हणाले.

मला तर चार हातांवरून फुसफुस ऐकू येत होती. चांगलं इंजिन खोलू द्यायचं, की बापाला गिऱ्हाइकासमोर बहिरा ठरवायचं? आमच्या खिडकीच्या जाळीवर लूममधलं कापसाचं तूस कायम साचलेलं असतं, चहातही असतं. त्यातलं चिमूटभर घेऊन मी इंजिनामागच्या पाइपाजवळ धरलं. ते झटकन ओढलं गेलं आणि एका चिरेवर चिकटून बसलं.

बाबांनी ते बघितलं. पाइप बदलला आणि गाडी गेल्यावर माझ्याकडे वळले. मी शिव्या खायच्या तयारीत होते.

"कधीपास्नं ठाऊक हाय तुला?"

गेल्या वर्षापासून, मी ओरडून सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"तो आवाज कसा येतो, करून दाखव जरा. इसरत चाललोय."

मी तोंडाने सूं केलं. मग आणखी मोठ्याने केलं.

"हां, असाच," ते म्हणाले. साफ खोटं बोलत होते, आणि मला रडू आलं.