कुलपाचं चित्र

गुप्ततेवर भाषण देता देता मी माझा स्वतःचा गुप्त आकडा भरल्या सभागृहाला दाखवला. जालना रोडवरच्या एका हॉटेलात आमच्या कंपनीचा कार्यक्रम होता. माझा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला आहे हे मी बोलण्याच्या भरात विसरलो. "हे चार आकडे फक्त तुम्हाला माहीत, प्रत्यक्ष ब्रह्मदेवालासुद्धा कळायचे नाहीत," असं म्हणत मी ते दाबले, आणि एकेक आकडा ताटाएवढा होऊन पडद्यावर उमटला. त्यामागोमाग बायकोचा निरोपही उमटला: "नळ आलाय. मोटर चालत नाहीये. काल तुम्ही तिला हात लावला होता का?"

लोक पोट धरून हसले. आमच्या वरिष्ठांना वाटलं, मी हे मुद्दाम केलं. नंतर पाठीवर थाप मारून म्हणाले, "असंच समजावत जा, सामान्य माणसाला पटतं." मीही मान डोलावली. खोटं कौतुक पचवायची माझी ताकद तेव्हा फार चांगली होती.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहराचं नाव अजून जुनंच होतं. धरण आटलेलं, नळ आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा आणि आला की सगळी गल्ली कामं टाकून घरी धावायची. दुसरीकडे शहर मात्र सुटलेल्या पोटासारखं चहूकडून वाढत होतं. जिथं काल ज्वारीचं धसकट होतं तिथं आज चुन्याच्या रेघा आणि 'प्लॉट विकणे आहे'ची पाटी. आणि त्या हॉटेलात कार्यक्रम संपल्यावर टेबलांवर अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या उभ्या होत्या. वेटर त्या गोळा करून मोरीत ओतत होता. मी दोन बाटल्या पिशवीत टाकल्या. लाज वाटली, पण घरी कुंड्यांना पाणी नव्हतं.

आमची कंपनी फोनमधली रोकड विकायची. म्हणजे नोटेसारखीच, पण नोट नाही. कुणी कुणाला दिली, किती दिली, हे बँकेला कळणार नाही, सरकारला कळणार नाही, खुद्द कंपनीलाही कळणार नाही. हे सगळं करणारी पोरं दूरच्या कुठल्या तरी शहरात बसायची. हुशार होती, त्यात शंका नाही. माझं काम ते लोकांच्या गळ्यात मारायचं. मी आधी एका पतसंस्थेत कारकून होतो, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यापलीकडे काही झालेलं नाही, त्यामुळे 'प्रसार अधिकारी' हे शब्द कार्डावर छापून आल्यावर मी ते कार्ड नातेवाइकांनाही वाटलं होतं.

कंपनीला 'सामान्य वापरकर्ते' हवे होते. डॉक्टर, वकील चालणार नव्हते. शक्यतो ग्रामीण, शक्यतो स्त्री, फोटोत बरी दिसणारी. हे असं लिहूनच आलं होतं. वाचताना किळस आली. पण मी मान वर केली तर समोर आमच्या स्वयंपाकघरात एक सामान्य वापरकर्ता भांडी घासत बसला होता.

आमच्याकडे भांड्यांना येणारी ती बाई पाचोडकडची. मेंढरं राखणाऱ्यांचं घर. पाऊस गेला, चारा गेला, तसे ते लोक मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. नवरा उरलीसुरली मेंढरं घेऊन पाण्याच्या मागं हिंडायचा. घर चालवायचा तो तिचा थोरला दीर. एक मुलगी होती, बारावी झालेली, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्या उन्हाळ्यात प्रवेशाची फी भरायची होती.

त्यांच्यात एक रीत आहे. मेंढरं घराची, पण लग्नात माहेरानं आंदण दिलेली शेळी आणि तिची पुढची सगळी पिलावळ त्या बाईची. त्या शेळ्यांचे पैसे तिला कुणी मागत नाही. पण रीत एवढ्यावरच थांबते. किती आहेत हे कुणाला कळलं आणि घराची अडचण म्हणून थोरल्यानं शब्द टाकला, तर धाकट्या भावाच्या बायकोनं नाही म्हणायचं नसतं. म्हणून ते कळूच द्यायचं नसतं. तिचा भाऊ पाचोडच्या बाजारात शेळी विकायचा, ही लुगड्याच्या पदरात नोटा बांधून आणायची आणि माझी बायको त्या आमच्या हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. मुलीच्या फीचे पैसे त्या डाळीत साठत होते. डब्याला कुलूप नव्हतं. किती होते ते मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर डाळीत पैसे आहेत हेही मला नोटा बंद झाल्या तेव्हा कळलं, कारण त्या बदलून आणायला बायको रांगेत उभी राहिली आणि मला सलग तीन दिवस खिचडी मिळाली.

तोच मुद्दा मी धरला.

"नोटा परत बंद झाल्या तर?" मी तिला म्हटलं. "हे फोनात ठेव. कुणाला दिसणार नाही."

"कुनालाच नाय?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा नाही."

"तुमाला तं आताबी दिसत नायत, दादा," ती म्हणाली आणि माझी बायको ताटाआड तोंड लपवून हसली.

"अगं, यांचं ऐकू नकोस. यांना महिनाअखेर नावं दाखवायची असतात," बायको म्हणाली.

ते खरंच होतं, म्हणून मला राग आला. मी मग अर्धा तास सुरक्षितता या विषयावर बोललो. घरात उंदीर आहेत, आपल्याकडे चोरी होऊ शकते, डाळ संपते. शेवटी ती थकली असावी. "मुलीला इचारते," म्हणाली.

मुलीला पटलं. फोन तिच्याकडे होता. म्हणजे काकानं, त्या थोरल्या दिरानं, हप्त्यावर घेतलेला आणि घरातल्या सगळ्यांचा. त्यावर पोरं व्हिडिओ बघायची, काका जमिनीच्या दलालांशी बोलायचा, आणि रात्री तो खुंटीला टांगलेल्या पिशवीत राहायचा. बोटाचा ठसा चालला नाही, कारण घासणीनं आणि राखेनं आईच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. मग चार आकडे ठरवले. तिनं ते तोंडपाठ केले. डाळीतल्या नोटा मुलीनं कंपनीच्या खिडकीवर भरल्या आणि ते पैसे फोनात आले. मी फोटो काढला. फोटोत ती हसत नव्हती, म्हणून कंपनीनं दुसरा मागवला.

पंधरवडाही गेला नसेल. रविवारी सकाळी थोरला दीर आमच्या दारात. पांढरा सदरा, हातात तो फोन, मागं ही. माणूस सालस होता, हे मला आजही म्हणावं लागतं. चप्पल बाहेर काढली, पाणी मागितलं नाही.

"साहेब, हे तुमी बसवलं म्हनं." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. तिथं आमच्या कंपनीचं चित्र होतं, निळ्या गोलात सोनेरी कुलूप. "बाकी सगळं उघडतंय. एवढंच उघडंना."

मी म्हटलं, "ते खासगी असतं."

"व्हय, पन आमच्या घरात कुनाचं? आमच्या दाराला कडी नाय साहेब, आन्‌ फोनात ह्ये येवढं कुलूप. पोरं इचारायलीत, बाया इचारायल्या. काय है त्यात?"

"काही नसेल."

"काई नसतं तं कुलूप कामून लावलं असतं?"

एवढ्या हुशार पोरांनी जगातल्या सगळ्या सरकारांचा, चोरांचा, बँकांचा विचार केला होता. एकाच सतरंजीवर झोपणाऱ्या माणसांचा केला नव्हता. आणि मी, ज्यानं तिचं घर पाहिलं होतं, मीही केला नव्हता. आणि त्या वेळी मी काय बोललो असेन? मी म्हणालो, आणि आवाजात कंपनीचा अभिमान होता, "हे मलाही उघडता येत नाही. आमच्या मालकालाही नाही. फक्त ज्याचं आहे त्यालाच."

झालं. त्यानं मागं वळून पाहिलंही नाही. थोरल्यानं धाकट्याच्या बायकोकडे सरळ बघायचं नसतं. तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "मंग ज्याचं असंल त्यानं सांगावं."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पदर कपाळावर ओढलेला. तिनं भिंतीकडे तोंड करून एकेक आकडा सांगितला. त्यानं दाबला. माझी बायको तेवढ्यात आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

पडद्यावरची रक्कम त्यानं पुटपुटत दोनदा वाचली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खूश झाला.

"बघा साहेब. घरात एवढं असून आमी इसारासाठी लोकाच्या दारी हिंडायलो." चिकलठाण्याच्या पुढं एक प्लॉट त्यानं हेरला होता, त्याचं इसाराचं बोलणं चालू होतं. "लई सांभाळलं हिनं. सगळ्यांचंच घर व्हईल आता."

"मुलीची फी आहे ती," माझी बायको म्हणाली.

"व्हय ताई, तिचं बघू की पुढल्या साली. पळून चाललं का कालीज?"

चौकटीपाशी तिनं मान हलवली. होकार की नकार, ते कुणी विचारलं नाही. ती मग आत जाऊन भांड्यांना बसली, कारण आमची भांडी राहिली होती. तिला ती घासू देत मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो, याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

मी कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: वापरकर्त्यानं आकडा स्वतःहून सांगितला, म्हणजे तंत्रात दोष नाही. खाली आठवण होती, हसरा फोटो अजून मिळाला नाही. मी राजीनामा लिहिला आणि घराचे हप्ते आठवून पाडव्यापर्यंत खिशात ठेवला. तोवर कंपनीनंच आमची शाखा बंद केली. त्यामुळे मी तत्त्वासाठी नोकरी सोडली असं सांगायची सोयही उरली नाही.

मुलगी ते वर्ष कापडाच्या दुकानात उभी राहिली. प्लॉटच्या इसारात ते पैसे गेले, प्लॉट अजून कागदावर आहे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तिच्या एका शेळीनं दोन पिलं दिली होती, ती मोठी झाली. एका सकाळी ती आली, मला पेपरमागं बघून क्षणभर थबकली आणि आत गेली. स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. आत बराच वेळ कुजबुज चालली, मग भांड्यांचा आवाज सुरू झाला.

ती गेल्यावर मी आत गेलो. बायको कणीक मळत होती.

"आणले का तिनं?" मी सहज म्हटल्यासारखं विचारलं.

"कुणी?" बायको म्हणाली.