वैद्यबुवांच्या हाताचा गुण
तव्यावर गरम होणाऱ्या ओव्याचा वास आला की मला सासरे आठवतात. साल एकाहत्तर की बाहत्तर, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. देवळाली प्रवऱ्याला आमचा ऊस होता. थंडीत पाणी देताना सासरे भिजले आणि कफ छातीत भरला. ओव्याची पुरचुंडी करून मी चार दिवस त्यांची छाती शेकली, पण धाप वाढतच गेली. नगरच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की ते हात झटकायचे. “तितं गेल्यालं मानूस माघारी येत न्हाई. आपल्या वैद्यबुवांच्या हाताला गुन हाय.” शेवटी वैद्यबुवांनाच घरी बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि खाटेवर टेकून म्हणाले, “आबा, माझ्याकडं येतो तो आपल्या पायानं चालत येतो. पडसं, पोटदुखी, एवढंच. दुखणं जड दिसलं की मीच त्याला नगरला धाडतो. मग बरे होणारे माझ्या नावावर आणि मरणारे नगरच्या दवाखान्याच्या. ह्यात माझा कसला गुण?” सासऱ्यांनी अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग मला म्हणाले, “सूनबाई, धुतल्यालं धोतर काड.” तीन आठवड्यांनी ते नगरहून येणाऱ्या एसटीतून उतरले आणि घरी यायच्या आधी नारळ घेऊन वैद्यबुवांकडं गेले. “तुमी धाडलं म्हनून वाचलो. गुन हाय तो हायच!” वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. आता कुणी एखाद्या डॉक्टरची फार तारीफ केली, की मी विचारते, त्याच्याकडे जाणारी माणसं मुळात किती आजारी असतात? सासऱ्यांशी मात्र मी कधीच वाद घातला नाही. ते चालत घरी आले होते, मला तेवढं पुरे होतं.